लेकीच्या हातचं

६ नोव्हेंबर, गुरुवार

फोटो आला! पान तीन, वरच्या बाजूला, रंगीत! पांढरा कोट, उंच टोपी, हात मागे बांधलेले, आणि चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला उठलेल्या पोरीसारखा भाव. खाली छापलंय — शहरातल्या पहिल्या व्हिएतनामी रेस्टॉरंटच्या मुख्य शेफ रागिणी इंगळे. इंगळे म्हणजे आम्हीच! सुनेच्या नावापुढे आपलं आडनाव छापून आलेलं पाहिलं आणि खरं सांगते, अंगावर मूठभर मांस चढलं.

चार अंक आणले. विपुल म्हणे, "आई, मोबाइलवर आहे की." मोबाइलवरचं काय, बोट लागलं की गेलं.

समोरच्या वानखडेबाई विरजण मागायला आल्या. पेपर पाहिला, चष्मा वर केला. "म्हणजे शेवटी स्वयंपाकच करते ना हो?" मी म्हटलं, "हो तर, स्वयंपाकच करते. अन् तो खायला लोक मुंबईहून विमानानं येतात." विमानाचं जरा जास्तच झालं. होऊ दे. विरजण मात्र दिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अकोल्याहून जुन्या शाळेतल्या बाईंचा फोन. पेपर तिकडेही पोचला! "शकुनबाई, सुनेच्या नोकरीपायी तुम्ही अकोलं सोडलं तेव्हा आम्ही हसलो होतो हो." हसला होता, मला माहीत होतं. लेकाच्या नोकरीपायी गाव सोडलं की आई थोर, आणि सुनेच्या नोकरीपायी सोडलं की सासू खुळी! जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला माझा, पोरींना हेच तर शिकवत आले — शिका, कमवा, नाव काढा. मग घरातली पोरगी नाव काढायला निघाली तेव्हा मी काय अकोल्यात खुंटी धरून बसायचं होतं? हे असते तर तेही आले असते अमरावतीला. कुरकुरत, पण आले असते.

९ नोव्हेंबर, रविवार

रागिणी आज दुपारी घरी होती. भाजी निवडत बसलो होतो. म्हणाली, हॉटेलवाल्यांनी सांगितलंय, प्रत्येकानं आपल्या घरच्यांना एकदा जेवायला आणायचं. अगदी पाहुण्यासारखं, टेबल राखून. येता रविवार तिचा. मग मेथीच्या काड्या उगाच मोडत राहिली. मला कळलंच.

"आई, बाबांना बोलवायचं?"

लगेच हो म्हणता येईना. नत्थुजी, तिचे वडील, पातूरचे. काळी कसदार शेती, तूर, हळद, कशाला कमी नाही. माणूस लाख. पण लग्नाला चार वर्षं झाली, या घरचं पाणी त्यांच्या घशाखाली उतरलेलं नाही! लेक दिली की तिच्या घरचं खायचं नाही — दान दिलेल्या वस्तूला पुन्हा तोंड लावायचं नाही म्हणे. येतात, सोबत स्वतःची बाटली. पाच मिनिटं पायपुसण्याजवळच्या खुर्चीवर बसतात, पोरीकडे टकामका पाहतात, जेवायची वेळ होण्याआधी उठतात. गोदाबाईही त्यांच्यामागोमाग. बरं, रागिणी पातूरला गेली तर तिकडे तिला गॅसजवळ फिरकू देत नाहीत. माहेरवाशीण ना! "बस बाई, आराम कर." लग्नाआधी ती होस्टेलात, मग नोकरीवर. म्हणजे पाहा — जगाला जेवू घालणारी पोरगी, आणि बापाच्या पोटात तिच्या हातचा एक घास नाही!

नातवंड झालं की नेम सुटतो म्हणतात. एक वाटी सूप पाजायला नातू जन्माला घालायचा काय! मूल कधी करायचं ते दोघं पाहतील. मी त्यात पडत नाही.

"बोलावते मी त्यांना," म्हटलं. "बघू कसे येत नाहीत."

१० नोव्हेंबर, सोमवार

लावला फोन. आधी हवापाणी, मग तुरीला फुलोरा कसा, मग हळूच विषय.

"व्याहीबुवा, हॉटेल काही लेकीचं घर नव्हे. मालक मुंबईचा, भांडी त्याची, गॅस त्याचा. लेक तिथे नोकरीला. कलेक्टर ऑफिसात असती तर तुम्ही तिच्या ऑफिसात पाय ठेवला नसता काय?"

 मग म्हणाले, "येतो न बा इहीनबाई. पोट्टीचं हाटेल पाह्यलंच पायजे. आमच्या पातूरच्या स्टँडवर समद्यायले फोटो दाखवून राहिलो मी. कंडक्टरलेही दाखवला."

जिंकले! रागिणीला सांगितलं तर ती उडीच मारते की काय असं वाटलं. हेडबाई म्हणून इतकी वर्षं काढली, माणसाला शब्दात पकडायचं कसं हे मला सांगू नये कोणी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

साडीचं ठरेना. विपुल म्हणतो कोणतीही नेस. पुरुषांचं बरं असतं!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रागिणीचं जेवणात लक्ष नाही. चार वेळा विचारून झालं — बाबांना आंबट चालतं का, आलं चालतं का. मला काय माहीत? मी कधी वाढलंय त्यांना! सगळं शाकाहारी ठेवणार आहे. व्हिएतनामी लोकांचं सूप असतं, फो म्हणतात, त्याचा रस्सा मांसाचा. ती नत्थुजींसाठी भाज्यांचा करणार. कांदा-आलं थेट जाळावर भाजायचं, चक्रीफूल, दालचिनी, मग मंद आचेवर पहाटेपासून. तांदळाच्या शेवया. वरून पुदिना, कोथिंबीर, मोड आलेले मूग. मी म्हटलं, अगं हे तर सगळं आपल्या भाजीबाजारातलंच. "मग? तेच सांगते मी सगळ्यांना," म्हणाली. शेवटी कॉफी, ती चिखलदऱ्याची. कपावर धातूची चाळणी ठेवायची आणि थेंब थेंब पडू द्यायची.

ताट तसंच ठेवून उठली. "मुंबईचे मोठे साहेब चाखायला आले तेव्हा मी मीठ दुसऱ्यांदा चाखलं नाही आई. आता दहादा चाखतेय."

मी म्हटलं, बाप आहे, परीक्षक नव्हे. पण देवा, रविवारी त्या माणसाला भूक लागू दे.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरी येऊन तास झाला. डोकं अजून तापलेलं आहे. सगळं लिहून काढते, त्याशिवाय शांत होणार नाही.

नत्थुजी आणि गोदाबाई इनायतुल्लाभाईंच्या गाडीनं आले. इनायतुल्लाभाई पातूरचेच, त्यांच्या शेजारचे. नत्थुजींचं धोतर कडक इस्त्रीचं, टोपी नवी. गोदाबाईंनी मोरपंखी साडी नेसली होती, फार छान दिसत होत्या. आणि नत्थुजींच्या हातात पिशवी. मला वाटलं पोरीला हळद आणली असेल.

हॉटेल! काय सांगू. फरशी अशी की पाय ठेवावा की नाही विचार पडतो. मधोमध पाण्याचं कुंड, त्यात कमळं — खरी! मी हात लावून पाहिली. दारातला मिशीवाला सलाम करतो, तोही आपल्याला. तिथेच सामान तपासायचं यंत्र. पिशवी आत गेली. पडद्यावर काळा गोल दिसला, त्याखाली आणखी एक गोल. पहारेकरी वाकला. "बाबा, हे काय आहे?"

"भाकर हाये बापा. बाँब नाई."

डबा! ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली. लेकीच्या हॉटेलात! बाहेरचं अन्न आत चालत नाही म्हणून त्या लोकांनी डबा ठेवून घेतला आणि पितळेचा बिल्ला दिला. नत्थुजींनी बिल्ला बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. मी विपुलकडे पाहिलं. विपुल कमळांकडे पाहत होता.

टेबल खिडकीजवळ. रेशमी कंदील, बांबूची जाळी, काचेपलीकडे स्वयंपाकघर आणि तिथे आमची रागिणी! दहा-बारा जण तिच्या बोटावर चाललेले. ती काहीतरी म्हणाली की सगळे एकसुरात उत्तर देतात. प्रार्थनेच्या वेळी माझी शाळाही इतकी एकसुरात कधी बोलली नाही. मला तर ओरडून सांगावंसं वाटलं सगळ्या टेबलांना — माझी सून आहे ती! नत्थुजी खुर्ची वळवून बसले होते, काचेकडे तोंड करून. ओठ हलत होते. गोदाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

आधी गुंडाळ्या आल्या. तांदळाची पातळ पोळी, इतकी पातळ की आतलं गाजर आणि पुदिना बाहेरून दिसतो. सोबत शेंगदाण्याची चटणी. विपुलनं दोन खाल्ल्या. त्याला काय, नवराच तो! मी हात लावणार तेवढ्यात पाहिलं, नत्थुजींनी बशी हळूच विपुलपुढे सरकवली. मग सूप आलं. मोठाल्या वाडग्यांत, वाफाळत. चक्रीफुलाचा काय तो वास! नत्थुजींनी वाडग्यावर वाकून वास घेतला, डोळे मिटले, आणि सरळ बसले. हात मांडीवर.

"घ्या ना व्याहीबुवा. निवतं आहे."

"पाह्यलं न. लय देखनं हाये."

"पाहायला नाही केलेलं. खायला केलंय."

"इहीनबाई, मी येतो म्हनलं होतं. खातो कुठी म्हनलं होतं?"

माझं डोकं सणकलं. म्हटलं, चार वर्षं ऐकतेय, आता पुरे झालं. कसलं दान अन् कसलं काय! ती वस्तू आहे का? अन् परक्या घरी दिली म्हणता, तर परकी कोण? आमची लेकच आहे ती, सून म्हणून मी कधी हाक मारली असेल तर सांगा!

नत्थुजी शांतपणे म्हणाले, "लेक म्हनता न? मंग तुमी कशा खाता लेकीच्या हातचं?"

 विपुल खुदकन हसला, त्याला मी टेबलाखालून पाय मारला. आणि मग माझ्या तोंडातून निघून गेलं, "नाही खात! तुम्ही खाल तेव्हाच मी खाईन!" वाडगा सरकवला बाजूला. झालं! आम्ही दोघं म्हातारे समोरासमोर, हाताची घडी घालून, मध्ये दोन वाडगे निवताहेत. शेजारच्या टेबलावरचे वळून वळून पाहत होते. वाढणारी मुलगी विचारायला आली, चवीत काही कमी आहे का. 

आणि तेव्हा गोदाबाईंनी चमचा उचलला.

चार वर्षांत ही बाई माझ्याशी चार वाक्यं बोलली नसेल. नवरा उठला की उठायचं, बसला की बसायचं. त्यांनी चमचा सुपात बुडवला आणि तोंडात घातला. नत्थुजी बघतच राहिले. "काय करून राहिली तू?"

"जेवून राहिली."

"अवो, लेकीच्या —"

"दान तुमी केलं. मले कोनं इचारलं होतं?" दुसरा चमचा. तिसरा. "मी तं नुसती बाजूले बसली होती पाटावर. माही पोरगी मी कोनाले देल्ली नाई." आणि शेवया त्या जेवायच्या लांब काड्यांनी जमेनात तेव्हा सरळ हातानं उचलल्या. रडत होत्या आणि खात होत्या. "लय चांगलं झालं वो माय," असं काचेकडे पाहून म्हणाल्या. रागिणीला ऐकू जाण्याजोगं नव्हतं. पण तिनं पाहिलं.

ती बाहेर आली. टोपी काढून हातात घेतली होती. आईच्या पाठीवर हात ठेवला. मग नत्थुजींचा भरलेला वाडगा पाहिला. माझाही पाहिला.

"बाबा, आवडलं नाही?"

"डोये भरून पाह्यलं बाई," नत्थुजी म्हणाले. "बस झालं मले."

पोरीनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. वाढणाऱ्या मुलीला थांबवलं, दोन्ही वाडगे स्वतः उचलले आणि आत घेऊन गेली. नत्थुजी उठले, बिल्ला देऊन डबा सोडवला आणि बाहेर गाडीकडे गेले.

मी घरी येऊन उभ्या उभ्या चिवडा खाल्ला. चक्रीफुलाचा वास अजून नाकात, आणि पोटात चिवडा! राग त्यांचा येतो की माझा, तेच कळत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

इनायतुल्लाभाईंचा फोन. गोदाबाईंचा चष्मा गाडीत राहिला होता, तो दिला म्हणून सांगायला. मग म्हणाले, "बाई, एक बात बोलू? नत्थुजी गाडीत बसून भाकर खात होते. मलेही देली. पर उनके हलक से उतर नहीं रही थी. एकेक घास घ्यायचे अन् म्हनायचे, इनायत, वास असा आला रे, असा आला. रो रहे थे बाई. मैंने देखा नहीं ऐसा दिखाया."

विपुलला सांगितलं. तो म्हणाला, मग खाल्लं का नाही? सोपं असतं काय रे ते, असं मीच म्हणाले! मी! त्यांची बाजू घेऊन!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रागिणीची आज सुटी. कालपासून माझ्याशी मोजकं बोलत होती. दुपारी स्टीलचा डबा माझ्यासमोर आपटला. गरम सूप. घरी केलं होतं, मी झोपले होते तेव्हा.

"बाबांचं मला माहीत होतं आई. ते असेच आहेत. पण तुम्हीपण? तुमचा वाडगा उचलताना जास्त लागलं मला. सून समजून खा, लेक समजून खा, पण खा."

खाल्लं. आधी आंबट लागतं, मग गोडसर, मग घशात आलं जाणवतं आणि शेवटी तो भाजलेल्या कांद्याचा वास वर येतो. असलं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं. आणि हे माझ्या घरातल्या पोरीनं केलं! मी म्हटलं, "रागिणी, चुकलंच माझं. मला राग आला की समोरचं दिसत नाही." ती म्हणाली, "ते शेजारच्या टेबलावरच्यांनाही कळलं." मग दोघी हसलो. आणखी अर्धा वाडगा घेतला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गोदाबाईंचा फोन! स्वतःहून! आवाजच वेगळा.

"इहीनबाई, घरी मजा हाये. रोज जेवाले बसले की इचारतेत — आंबट होतं का व? तिखट होतं का? शेवया कायच्या होत्या?"

"मग? काय सांगितलंत?"

"काईच नाई. म्हनलं, मी कावून सांगू? जा अन् पाहा." आणि हसल्या. गोदाबाईंना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या महिन्यात एकट्या येणार म्हणाल्या, आठ दिवस राहायला. रागिणीला सांगितलं तर तिनं लगेच कपाटातली वरची चादर काढून धुवायला टाकली.

"अन् बाबा?" तिनं विचारलं. मी उशीचा अभ्राही काढून तिच्या हातात दिला.

२३ नोव्हेंबर, रविवार

वानखडेबाई सहकुटुंब जेवून आल्या रागिणीकडे. म्हणे कॉफी फार कडू. तरी दोनदा प्यायल्या!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दार वाजलं. नत्थुजी. एकटे. हातात नारळ आणि ब्लाउजपीस. बसा म्हटलं तर बसेनात.

"इहीनबाई, लग्नात तुमाले पोरगी देल्ली. चार मानसात देल्ली, नाई म्हनत नाई. आज वापस मांगाले आलो. समदी नाई. अर्धी द्या."

रागिणी आतून आली. हात कणकेचे.

मी नारळ घेतला. म्हटलं, "दिली."

तेव्हा खुर्चीवर टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग आता मी माह्या पोरीच्या घरी हावो. काय केलं व खायाले?"

वरण होतं, वांग्याची भाजी होती. पोळ्या रागिणीनं केल्या, रडत रडत. एक पार करपली. ती मी काढून ठेवत होते, तर त्यांनी मागून घेतली आणि खाल्ली.